कापलेली दोरी

रिळाचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा संग्राम जिवंत होता. प्रसाद साहेबांनी आखातातल्या अहमदीच्या बंगल्यावर नवा फिशिंग रॉड आणला होता, आणि माझा धाकटा भाऊ दोरीचं टोक धरून हसत हसत कुंपणापर्यंत गेला होता, कर्रर्र, कर्रर्र.

मी साहेबांचा स्वयंपाकी, संग्राम त्यांचा ड्रायव्हर. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात सुट्टीवर जाताना साहेब त्याला हिमाचलातल्या एका डोंगरतळ्यावर ट्राऊट, म्हणजे थंड पाण्यातले तांबड्या ठिपक्यांचे मासे, धरायला सोबत घेऊन गेले आणि एकटेच परत आले. "मी तंबूत झोपलो होतो रे. तो रॉड घेऊन एकटाच होडीत गेला. तोल गेला असेल," म्हणाले. संग्राम सापडला नाही. रॉड सापडला.

तो पुसायला त्यांनी माझ्याचकडे दिला. आम्ही कोळी. ओढीनं तुटलेली दोरी टोकाला पांढरी पडते, आखडून वळते, हे माझ्या बोटांना लहानपणापासून ठाऊक. ही दोरी तिरकी, स्वच्छ कापलेली होती. आणि संग्रामची सुरी तर इथेच, माझ्या फडताळात राहिली होती.

मी गप्प राहिलो. माझा व्हिसा साहेबांच्या हातात होता, पण ते कारण नव्हतं. मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं. त्यांनी नवी दोरी भरायला सांगितली; मी भरली म्हणालो, आणि त्याच कापलेल्या टोकाला गळ बांधला.

वर्षभर दर शुक्रवारी साहेबांबरोबर फहाहीलच्या धक्क्यावर जायचो, आणि त्या दोरीला तिथले नेहमीचे हमूर मासे लागत राहिले. मग ऑगस्टमध्ये, सकाळीच समुद्र कोमट झालेला असताना, एक मासा वर आला. अंगावर तांबडे ठिपके, आणि इतका गार की माझी बोटं बधिर झाली.

"हमूरच आहे," साहेब म्हणाले.

"हो, साहेब."

मी तो तळून वाढला. त्यांनी ताट सरकवलं. पुढच्या शुक्रवारी तसाच दुसरा आला, मग तिसरा. तरी साहेब जायचे, आज हमूर लागेल म्हणून.

"दीनानाथ, दोरी बदललीस ना?"

"बदलली की, साहेब."

"तुम्हा कोळ्यांचा काय भरवसा," ते हसले, पण चेहरा हसला नाही.

चौथ्या शुक्रवारी दोरीला असा हिसका बसला की साहेबांच्या हातून रॉड सुटून धक्क्याच्या लोखंडी कडीत अडकला आणि दोरीचे वेढे त्यांच्या मनगटावर आवळले. ते कडेला गुडघ्यांवर आले.

"काप, दीनानाथ."

मी संग्रामची सुरी काढली. "आधी सांगा."

"काय सांगू?" त्यांचं मनगट काचून लाल झालं होतं. मग ते अगदी हळू बोलले, "तो पाण्यात पडला. दोरी धरून होता. होडी उलटली असती रे. मी कापली. आता तू काप."

एवढ्यासाठी मी वर्षभर त्यांना जेवू घातलं होतं. मी सुरी पंच्याला पुसली, त्यांचा हात पोचणार नाही इतक्या अंतरावर ठेवली, आणि चालू लागलो. मागे रीळ फिरायला लागलं, कर्रर्र, कर्रर्र, कुणीतरी दोरीचं टोक धरून हसत हसत कुंपणापर्यंत चालल्यासारखं.