एक खोकला डावीकडे

"अगं, डोकं वर उचलू नकोस! नजर चेंडूवर!" आमचे हे नव्या शिकाऊ मुलीला ओरडले. "चेंडू पडेल तिथूनच खेळायचं. आणि चुकलीस तर दंड आपला आपणच सांगायचा. या खेळात पंच नसतो."

मी मागे टोपल्यांत चेंडू भरत होते. तिने काठी फिरवली, चेंडू डावीकडे गेला. मी एकदा खोकले.

"डावीकडे गेला बघ. पकड फार घट्ट धरलीस," हे लगेच म्हणाले.

उजवीकडे गेला की दोनदा खोकायचं, सरळ गेला की गप्प. यांच्या डोळ्यांपुढचं धुकं वाढत गेलं, तशी आम्ही ही युक्ती काढली. गोल्फ शिकवणाऱ्यालाच चेंडू दिसत नाही म्हटल्यावर कोण ठेवणार? नोकरी गेली की मैदानामागची खोलीही गेली. या वयात जायचं कुठे? रडून काय होणार, म्हणून खोकत राहिले.

आज नेमके मॅनेजर आले. "वहिनी, किती दिवसांचा हा खोकला? लोक तक्रार करतात."

"जरा घसा धरलाय, साहेब."

"जरा? आधी दवाखान्यात जा. आत्ताच्या आत्ता."

मेलं, दुसरं काही सुचलं नव्हतं का आम्हाला! फाटकापर्यंत गेले आणि पाय पुढे टाकवेना. वळून पाहिलं, तर माळी मैदानात वाकून चेंडू वेचत होता. समोर माणूस असताना काठी उचलायची नाही, हा यांचा पहिला धडा. मुलगी मान खाली घालून उभी.

"मारू?"

"मोकळं आहे. मार."

"फोर!" मी जिवाच्या आकांताने किंचाळले. समोरच्याला सावध करायची ही गोल्फमधली आरोळी. माळी आडवा पडला, चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला.

मॅनेजर धावत आले. "न बघताच मारला ना हिने, मास्तर?"

मुलगी रडायला लागली. अहो, हो म्हणा, मी मनात विनवत होते. एकदाच हो म्हणा, तुमच्या पाया पडते.

यांनी टोपी काढली. "तिची चूक नाही, साहेब. माझी. मला दिसत नाही. वर्ष होत आलं."

हे फाटकाकडे यायला निघाले आणि मधेच थांबले. वाट उमगेना. मान जराशी कलती करून उभे राहिले.

मी त्यांच्या डावीकडे होते. मॅनेजर माझ्याकडेच बघत होते. बघू देत.

मी एकदा खोकले.