नाहीबाईंचा होकार

"नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून टाका, बाई. मी मन घट्ट करून आलोय," संचालक दारातूनच म्हणाले.

पाणथळ जागा वाचवणाऱ्या त्या संस्थेत बाई अर्थप्रमुख होत्या. टायरच्या कारखान्यातली भरपूर पगाराची नोकरी सोडून त्या इथे आल्या, तेव्हा त्यांच्या आईने कपाळाला हात लावला होता. "आता काय बेडकांचे हिशेब ठेवणार?" त्याला एकोणीस वर्षं झाली. नवी जीप? नाही. परिषदेला विमानाने? नाही, रेल्वे आहे. तोंडावर मॅडम म्हणणारी माणसं पाठ वळली की 'नाहीबाई' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं. खोटं कशाला बोला, थोडं आवडतही होतं.

संचालक खुर्चीत टेकले. "आपण राखतो त्या दलदलीचा मालक थकलाय. सगळी जमीन विकतोय. गोदामं बांधणारा एक जण रोख घेऊन उभाच आहे. म्हातारा भला, म्हणतो आधी तुमचा हक्क. पण आठ दिवसांत सांगा."

त्यांनी किंमत सांगितली आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

बाईंनी चष्मा पुसला. "घ्या."

"काय घ्या?"

"जमीन. पैसे आहेत."

"कुठून आले?"

"दरवर्षी थोडे थोडे बाजूला टाकत आले. विश्वस्तांच्या सह्या आहेत त्यावर, आणि अहवालातही छापतो आपण, 'जमीन निधी' म्हणून. शेवटच्या पानावर असतं. तिथवर कोणी पोचत नाही."

संचालकांना हसावं की रडावं कळेना. "एकोणीस वर्षं मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या हो."

"मनातल्या मनात कुठल्या? या भिंती किती पातळ आहेत."

मग मात्र दोघंही इतकी हसली, की बाहेरच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. नाहीबाईंच्या खोलीतून हसू ऐकू येणं म्हणजे सूर्य पश्चिमेला उगवण्यातलाच प्रकार.

सहाव्या दिवशी खरेदीखत झालं. रविवारी सगळे दलदलीवर गेले. बाई पहिल्यांदाच. आजवर 'माझ्यासाठी कशाला पेट्रोल जाळता' म्हणून त्यांनी स्वतःलाही नकारच दिला होता.

संस्थेच्या पक्षीतज्ज्ञाने दुर्बीण पुढे केली. "एक काच धूसर आहे. तुमच्याच कृपेने."

"दुसरीतून दिसतंय ना?" बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली.

लव्हाळ्यातून बदकांचा थवा उठला. एक गिरकी घेऊन पाण्यावर असा उतरला, जणू कोणी मूठभर दाणे फेकले. दुर्बीण परत देऊन बाईंनी चपला काढल्या, कपडे सावरले आणि चिखलात पाय घातला. घोट्यापर्यंत. मग पोटरीपर्यंत. पायाखालचा गाळ मऊ आणि कोमट होता.

निघायची वेळ कधीच टळून गेली. जीप सुरू झाली तरी बाई वळल्या नाहीत. संचालकांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला आणि इंजिन बंद करायला सांगितलं.