चौथे रीडिंग

मित्रांनो, मी एक जुनी ब्युरेट आहे. शाळेच्या रसायन प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या ओट्यावर, लोखंडी स्टँडला उभी जखडलेली काचेची लांब नळी, ती मीच. माझ्या अंगावर शून्यापासून पन्नासपर्यंत रेघा आहेत आणि शून्य सगळ्यात वर आहे. पहिल्या दिवशी निम्मा वर्ग मला उलटी वाचतो. मी तरी काय करू? माझ्यातून किती गेले, एवढेच मला सांगता येते.

तापलेल्या काचेतून एका कारागिराने मला ओढून काढले आणि एकेक रेघ मोजून कोरली. त्याचे उपकार मी विसरलेले नाही. मी इथे आले तेव्हा मला दोन्ही हातांनी उचलत असत. मग चकचकीत तोटीच्या नव्या ब्युरेटी आल्या. माझ्या टोकाला अजून रबरी नळी आणि दाबला तरच थेंब सोडणारा चिमटा, त्यातून रेघाही पुसट झालेल्या. उत्तर चुकले की मुले म्हणत, "ही नळीच खोटं दाखवते." नाचता येईना अंगण वाकडे, दुसरे काय!

एके वर्षी त्या मुलांमध्ये एक शिंपीण येऊन बसू लागली. वय चाळिशीचे, बोटाला सुईची भोके. लहानपणी शाळा सुटली होती. आता तिला औषधे बनवण्याचे शिक्षण घ्यायचे होते, पण रसायनाच्या प्रात्यक्षिकात ती दोनदा नापास झाली होती. तिसरी खेप शेवटची. मुले तिला मावशी म्हणत. नव्या ब्युरेटी मुलांनी पटकावल्या, म्हणून मावशीच्या वाट्याला मी आले.

आमचे काम तसे सोपे. खालच्या फ्लास्कमध्ये दहा मिलीलिटर आम्ल, त्यात रंग दाखवणाऱ्या द्रवाचे दोन थेंब. माझ्या पोटात कॉस्टिक सोड्याचे पाणी. मी थेंब थेंब सोडत जायचे. आम्ल संपले की फ्लास्क फिकट गुलाबी होतो, तिथेच थांबायचे आणि मला वाचायचे. मग किती सोडा लागला त्यावरून आम्ल किती तीव्र होते ते काढायचे. असे तीनदा करायचे आणि तिन्ही रीडिंग जुळायला हवीत.

सगळ्यांचे रीडिंग १२.४ यायचे. मावशीचे कधी १३.१, कधी १२.९, कधी १३.३. तिला वाटे, आपले गणितच कच्चे. तिने मोलची उदाहरणे सोडवून दोन वह्या भरल्या. घरी लेक तिची परीक्षा घेई आणि आई चुकली की तिला रागावे. पण मला तिने एकदाही नावे ठेवली नाहीत. "नळी बिचारी काय करणार? माझंच काहीतरी चुकतंय," असे ती म्हणे, तेव्हा माझा जीव भरून येई.

एकदा शिकवणाऱ्या बाई तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, गुलाबी झालं की! अजून का सोडताय?"

"थोडं जास्त असलेलं बरं ना, बाई. कमी पडलं तर पंचाईत."

बाई हसल्या. "हे कापड नाही, दोन बोटं जादा धरायला. दहा काजं असतील, तर बटणं किती लावाल?"

"दहाच."

"अकरावं?"

"ते कुठं लावणार?" मावशी म्हणाली. मग स्वतःशीच पुटपुटली, "म्हणजे जेवढं आम्ल, तेवढाच सोडा. अगंबाई, वीस वर्षांची सवय नडली!"

त्या दिवसापासून तिचे बोट माझ्या चिमट्यावर असे काही हळू टेकू लागले की मलाच नवल वाटे. टोकाला अर्धा थेंब लोंबत असला, तर फ्लास्कचा काठ लावून ती तेवढाच टिपून घेई.

परीक्षेच्या दिवशी नव्या ब्युरेटी मोकळ्या होत्या. तरी ती माझ्यापाशीच आली. परीक्षेचे आम्ल रोजच्यापेक्षा निराळे, जास्त तीव्र होते. तिने काम केले आणि वहीत लिहिले: १४.६, १४.६, १४.६.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी वही पाहिली, मग मला पाहिले.

"तिन्ही अगदी सारखी? आणि या जुन्या नळीवर? घरूनच लिहून आणलीत वाटतं!"

मावशीचा चेहरा उतरला. कित्येक मुले दोन रीडिंग मनाने लिहितात, हे परीक्षकांना ठाऊक होते. त्यांचा संशय वावगा नव्हता, पण त्या संशयात मावशीचे सगळे वर्ष बुडाले असते.

"सर, चौथं घेऊ का? तुमच्यासमोर?"

तिने मला पुन्हा शून्यापर्यंत भरले. धार सोडली, मग थेंब, मग एकेक थेंब. फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला. तिने चिमटा सोडला, पण वाचायला ती पुढे झाली नाही.

"सर, तुम्हीच वाचा."

परीक्षक वाकले. चष्मा पुसला, डोळे माझ्या रेघेच्या पातळीवर आणले.

"चौदा पूर्णांक सहा," ते सावकाश म्हणाले. मग वहीवर सही करून म्हणाले, "माफ करा, ताई."

ती पास झाली. बाईंनी निकाल इथेच वाचून दाखवला आणि मुलांनी ओटे बडवले. माझ्यासारख्या पुसट नळीला एवढे कौतुक ऐकायला मिळाले, याबद्दल मी त्या शिंपिणीची जन्माची ऋणी आहे.

मित्रांनो, काम झाले की मला तीनदा धुवा आणि उलटी टांगा. पातळीवर डोळे आणून मला वाचा आणि दिसेल तेच लिहा. मग कोणी "पुन्हा करून दाखव" म्हटले, तर मला खुशाल पुन्हा भरा.