अकरा पिना

लग्नघरात भांडणं कशावरून होतात, हे तुम्हाआम्हाला नव्यानं सांगायला नको. पाहुण्यांची यादी, कुणाच्या आत्याला मागच्या रांगेत बसवलं, फोटोत कोण कुणाच्या शेजारी. या घरात मात्र माणसं दोनच, आई आणि लेक. भांडणही एकच, आणि तेसुद्धा दार लावून, दबक्या आवाजात. नवरीच्या डोक्यावर केस नव्हते.

तीन वर्षांपूर्वी लेकीला चाई पडली. आधी कानामागे बटणाएवढा गोल दिसला, मग माथ्यावर दुसरा. मग उशीवर पुंजके पडायला लागले आणि वर्षभरात डोकं तुळतुळीत झालं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "हे कुणाला लागत नाही, जिवाला धोका नाही, कुणाची चूक नाही. केस परत येतील, कदाचित येणार नाहीत." आईनं सगळं ऐकून घेतलं आणि घरी येताना एकच विचारलं, "शेजारणीनं पाहिलं तर काय सांगायचं गं?"

आई वाईट नव्हती हो! शाळेच्या कचेरीत बावीस वर्षं दाखले लिहिणारी, नवरा गेल्यावर एकटीनं पोर वाढवणारी बाई. बापाविना वाढलेल्या मुलीकडे लोक दोन डोळ्यांनी बघत नाहीत, चार डोळ्यांनी बघतात, हे तिनं सोसून शिकलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती उठताबसता म्हणायची. लेकीसाठी जिवाचं रान करायची. पण लेक आंघोळ करून बाहेर आली, की आई आधी खिडकी लावायची आणि मग नजर खाली घालायची.

लग्न लेकीनंच जमवलं होतं. ती नकाशे काढायच्या कचेरीत होती, मुलगा त्याच कचेरीतला. तिनं त्याला पहिल्याच महिन्यात सगळं सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, "चला, म्हणजे माझा कंगवा तरी जागेवर सापडेल." त्याला ही गोष्ट आपल्या आईलाही सांगायची होती. पण लेकीच्या आईनं दोघांना शपथ घातली, की लग्न पार पडेपर्यंत त्या घरात ताकास तूर लागू द्यायची नाही.

लग्नाला महिना उरला तेव्हा मायलेकी विगवाल्या काकांकडे गेल्या. जिना चढून एक खोली, फळीवर ओळीनं लाकडी डोकी, खिडकीशी जाळीचं कापड आणि सुया. काकांचं अर्धं आयुष्य नाटकवाल्यांचे टोप करण्यात गेलं होतं. त्यांनी लेकीच्या डोक्यावरचा रुमाल हलकेच काढला, फितीनं माप घेतलं. आई तेवढ्यात खिडकीबाहेर बघायला लागली.

"काका," लेक म्हणाली, "विग नकोच म्हटलं तर? नुसती ओढणी घेतली तर चालणार नाही?"

"गप्प बस!" आई म्हणाली. "लग्नात बोडकी नवरी? लोक काय म्हणतील?"

"चालेल की," काका म्हणाले. "आणि विग घातला तरी चालेल. हौसेनं घातला तर शोभतो. भीतीनं घातला तर टोचतो. तू ठरव पोरी."

लेकीनं आईकडे बघितलं आणि विग घेते म्हणाली.

विग सुरेख झाला. काकांनी तो लेकीला घालायला शिकवला. "आधी ही सुती टोपी, घाम टिपायला. त्यावर हा मखमली पट्टा, तो विगला सरकू देत नाही. घरी रोज तासभर घालून बस, म्हणजे सवय होईल. आणि एक लक्षात ठेवा, ताई. पिन केसांना धरते. हिला केस नाहीत, तेव्हा हिच्या डोक्यात एकही पिन नको. ओढणीसाठी पट्ट्याला दोन आकडे शिवलेत, त्यांतच अडकवायची. नवरीला जी बाई नटवेल तिला हे सांगा. ओढणीही हलकी घ्या. सासरी कुणाला माहीत आहे ना?"

"जावईबापूंना आहे."

"आणि त्यांच्या आईला?"

"तेवढं सोडून बोला, काका. भिंतीला कान असतात."

काकांनी सुई खाली ठेवली. "ताई, मी तीस वर्षं नटांच्या डोक्यावर टोप चढवले. समोरच्या हजार माणसांना कळू द्यायचं नसतं, बरोबर. पण पडद्यामागे सगळ्यांना ठाऊक असतं. टोप जरा हलला की कुणी पाठीमागून सावरतं, कुणी वाऱ्याच्या बाजूला उभं राहतं. म्हणून तो पडत नाही. तुमच्या लेकीच्या पाठीशी कोण उभं राहणार? तुम्ही तर पडद्यामागचीही माणसं हाकलून लावताय."

"सांगीन, सांगीन," आई म्हणाली. सांगणार नव्हतीच.

लग्नाच्या दिवशी सकाळी विहीणबाई हॉलवर नवरीच्या खोलीत आल्या. हातात ओढणी होती, जाळीची, लांबलचक. तिच्या चारही काठांना त्यांनी स्वतः मणी ओवून झालर लावली होती. "दोन महिने संध्याकाळी हेच करत होते," त्या लाजत म्हणाल्या. "डोळे गेले माझे, पण सून शोभली पाहिजे." लेकीनं ओढणी हातात घेतली आणि तिचं मनगट खाली गेलं. इतकी जड! तिनं आईकडे बघितलं. आई म्हणाली, "किती हो सुंदर! हीच घालूया."

मग मेकअपवाली आली. लेक आधीच विग घालून बसली होती. आई खुर्चीमागे डोळ्यांत तेल घालून उभी.

"अगंबाई, किती दाट केस!" मेकअपवाली म्हणाली.

"माझ्या आईवर गेलीय," आई म्हणाली. आरशातून लेकीनं तिच्याकडे पाहिलं, आईनं नजर वळवली.

दोन आकड्यांबद्दल बोलायचं म्हणजे पट्ट्याबद्दल बोलायचं, आणि पट्ट्याबद्दल बोलायचं म्हणजे सगळंच आलं. आईनं मिठाची गुळणी धरली. मेकअपवाली आपली कामात चोख. जड ओढणी धरून ठेवायला तिनं लांब पिना काढल्या आणि केसांत खोचल्या. त्या सरकल्या. "अशा कशा सरकतायत?" म्हणत तिनं पिन वळवली आणि जोर लावून आत दाबली. लेकीच्या तोंडून "स्स" निघालं.

"लागलं का?"

लेक उत्तर द्यायच्या आधी आई म्हणाली, "लावा, लावा घट्ट. सहन होतं तिला."

लेकीचे डोळे भरून आले. मेकअपवालीनं हळूच काजळ टिपलं आणि समजूतदारपणे म्हणाली, "आईला सोडून जायचं ना, होतं असं."

पुढं दिवसभर तसंच चाललं. लेक व्यासपीठावर उभी राहिली, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि आलेला प्रत्येक जण म्हणत होता, "बघा, आईवर किती जीव आहे पोरीचा!" आईलाही ते ऐकून बरं वाटत होतं, हे सांगायला मला जड जातंय, पण वाटत होतं खरं. मध्ये मध्ये ती लेकीच्या कानाशी जाई. "सरकलं नाही ना? दिसत नाहीये ना काही?" लेक मान हलवी, अगदी थोडीशी. जास्त हलवता येत नव्हती.

नोंदणीच्या सह्या झाल्या, टाळ्या झाल्या, फोटोंची रांग लागली. कुणाचं तरी लहान पोर ओढणीवर पाय देऊन उभं राहिलं. नवरी पुढं वळली आणि मणी ताणले गेले. तिनं डोळे मिटले, ओठ दाताखाली धरला. जावयाचं लक्ष तिच्या कानामागे गेलं. रक्ताची बारीक रेघ मानेवर उतरत होती. त्यानं रुमालानं ती टिपली आणि सासूला म्हणाला, "आई, तिला आत घेऊन जा. आत्ताच्या आत्ता."

"अहो, एवढी रांग संपू दे. लोक काय..."

"आई, रक्त येतंय!"

खोलीत येऊन आईनं दाराला कडी घातली. लेक खुर्चीवर बसली, पांढरीफटक. आईनं ओढणी उचलायला हात घातला तर ती निघेना. मग तिनं पिना शोधायला सुरुवात केली. एक निघाली, दुसरी निघाली. काही नुसत्याच अडकल्या होत्या, काही सुती टोपीतून आरपार गेल्या होत्या. टेबलावर ओळ लागली. अकरा! अकराव्या पिनेनंतर विग अलगद हातात आला. पट्टा काढला, टोपी काढली. टोपीला लाल डाग होते. आणि समोर लेकीचं डोकं होतं, उघडं, लहान मुलासारखं, त्यावर ओरखडे आणि टोचल्याच्या खुणा.

"अगं, बोलली का नाहीस?" आईला रडूच फुटलं. "एवढं सोसलंस आणि ब्र काढला नाहीस?"

"तूच सांगितलंस ना तिला," लेक म्हणाली. आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "सहन होतं म्हणून."

दिवसभरात आईनं लेकीला वीस वेळा विचारलं असेल, दिसत नाहीये ना? दुखत नाहीये ना, हे एकदाही विचारलं नव्हतं. ओला कापूस घेऊन ती जखमा पुसू लागली. लेक एकदम हुंदके देऊन रडायला लागली.

"जोरात लागलं का गं?"

"नाही." तिनं हातानंच डोळे पुसले. "तीन वर्षं झाली, आई. डॉक्टर हात लावतात, विगवाले काका हात लावतात, तो लावतो. तू एकदाही माझ्या डोक्यावर हात ठेवला नाहीस."

जन्मल्यावर याच डोक्याला आईनं तेल लावलं होतं, तेव्हाही त्यावर केस नव्हते! तेव्हा कुणापासून लपवलं होतं का? तिनं लेकीचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि छातीशी घेतलं.

दार वाजलं. "काय झालं हो? मी आत येऊ का?" विहीणबाईंचा आवाज.

आईच्या ओठांवर सवयीनं 'कपडे बदलतेय' आलं होतं. तिनं ते गिळलं. लेकीकडे बघितलं. "उघडू?"

"उघड."

विहीणबाई आत आल्या आणि दारातच थबकल्या. लेकीचं डोकं, टेबलावरचा विग, लाल डागांची टोपी, पिना. आईनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. शपथ घातल्याचंही सांगितलं. विहीणबाई खाली बसल्या. आईला वाटलं, आता काय म्हणतात कोण जाणे.

"मला सांगितलं असतंत," त्या म्हणाल्या. "एक शब्द सांगितला असतात, तर मी एक मणीसुद्धा लावला नसता हो. मी दोन महिने बसून पोरीच्या डोक्यावर ओझं शिवत होते, आणि माया करतेय असं समजत होते!"

त्या खोलीत त्या वेळी तीन बायका होत्या आणि तिघी रडत होत्या. वाचकहो, त्या मेकअपवालीनं द्वेषानं पिना खोचल्या होत्या का? या बाईनं वैरानं मणी ओवले होते का? दोघींनी जीव ओतून काम केलं होतं. पण आपण माणसांपासून दुखणं लपवलं, की त्यांच्या मायेचे हातसुद्धा बोचायला लागतात!

"विग घालू परत? बिनपिनांचा, नुसता पट्ट्यावर?" आईनं विचारलं.

"आज नको. आग होतेय. पुढं कधीतरी घालीन, मला आवडतो तो," लेक म्हणाली.

विहीणबाईंनी पिशवीतून स्वतःचा जुना मऊ रुमाल काढला आणि लेकीच्या हातात दिला. तिनं तो सैलसर बांधला, आणि तशीच बाहेर गेली. हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही, हे काही खोटं नाही. एक लांबची मावशी आईच्या कोपराला धरून म्हणाली, "अगं, हे काय? कसला रोग आहे का?"

आईनं आधी लेकीकडे बघितलं. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चाई पडलीय तिला. तीन वर्षं झाली. ती धडधाकट आहे. रोग मला होता, लपवण्याचा."

कुणी मान खाली घातली, कुणी जवळ येऊन लेकीची पाठ थोपटली, दोघीतिघी न जेवताच निघून गेल्या. गेल्या तर गेल्या.

संध्याकाळी लेक सासरी गेली. आई रिकाम्या घरी आली, दिवा न लावता बसून राहिली. तीन वर्षं लेक याच घरात होती, हाताच्या अंतरावर. हात ठेवायला मिळाला तो अर्धा तास, आणि तोही कापूस धरलेला. ही चुटपूट आता जन्माची.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं फोन लावला. एवढंच विचारलं, "दुखतंय का गं?"

लेक म्हणाली, "हो आई. खूप दुखतंय."

आईनं डोळे पुसले. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं दुखतंय का असं विचारलं होतं, आणि लेकीनं खरं सांगितलं होतं.

मंडळी, तुमच्याआमच्या घरातही कुणीतरी असं काही डोक्यावर बांधून हसत उभं असेल. विग घालण्यात कमीपणा नाही, न घालण्यातही नाही. ते ज्याचं त्यानं ठरवावं. आपण आपल्या माणसाला लोकांच्या नजरेसाठी घट्ट बांधू नये. त्याच्याजवळ बसावं, डोक्यावर हात ठेवावा आणि दुखतंय का ते विचारावं. आणि 'हो' असं उत्तर आलं, तर ऐकून घ्यावं.