पाय काढला की बंद

शालूच्या हाती गाडी बंद पडते, हे एव्हाना बार्शीटाकळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक झालं होतं. चौकात बंद, रेल्वे फाटकाशी बंद, आणि एकदा तर ऐन बाजाराच्या दिवशी बसस्टँडच्या तोंडाशी बंद. गाडीत झेंडूची पोती, मागे हॉर्नचा कल्लोळ, आणि लोकांना फुकटचा तमाशा.

तिचा नवरा देवानंद शेजारच्या सीटवर बसून कपाळाला हात लावायचा. हीच जुनी पेट्रोल व्हॅन त्यानं वर्षानुवर्षं पहाटे अकोल्याच्या फुलबाजारात नेली होती, आणि त्याच्या हाती ती कधी रुसली नव्हती. काचबिंदूनं त्याला बाजूचं दिसेनासं झालं, डॉक्टरांनी चालवायला मनाई केली, म्हणून शालू शिकली, रीतसर लायसन्स काढलं. तरी गाडी बंदच पडायची. शेवटी त्यानं मूर्तिजापूरच्या चुलतभावाला, किसनरावला, येत्या रविवारी दुपारी येऊन गाडी घेऊन जायला सांगून टाकलं.

"अन् फुलं?" शालूनं विचारलं.

"टेम्पोत टाकू."

टेम्पो गावोगावची भाजी गोळा करत अकोल्यात पोचेपर्यंत फुलबाजार उठलेला असायचा. देवानंदला हे कळत नव्हतं थोडंच! पण स्टिअरिंग सुटलं तशी त्याची उमेदही सुटली होती, आणि शालूला खरा राग त्याचाच यायचा. डोळे अधू झाले होते, माणूस नव्हे.

"रविवारी पहाटे अकोल्याची एक फेरी मारतो," ती म्हणाली. "एकदाही बंद पडली नाई, तं गाडी घरात राहीन. पडली, तं म्या सोता किसनभाऊजीच्या हातात किल्ली देईन."

"मारून पाह्य," देवानंद म्हणाला. त्याच्या आवाजात विश्वास औषधालाही नव्हता.

शुक्रवारी ती त्याच फाटकाशी थांबली आणि गाडीनं पुन्हा मान टाकली. शालूनं वैतागून खाली पाहिलं, आणि तिची नजर देवानंदच्या पायावर खिळली. त्याच्यापुढे ना ब्रेक होता ना ॲक्सिलरेटर. तरी उजवा पाय तिरपा होऊन मॅटवर रुतला होता, चवडा एकीकडे आणि टाच दुसरीकडे. चवडा ब्रेकवर, टाच ॲक्सिलरेटरवर! म्हणजे हा माणूस गाडी थांबवतानाही तिला पेट्रोल पाजत होता, आणि त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत पाय काढला तरी इंजिन चालू राहायचं; ही मात्र टाचेच्या पेट्रोलवर तगून होती, म्हणजे दोष गाडीतच होता, हे शालूला तिथंच उमगलं.

"तुमी टाच ठेवत होते. म्हनून तुमच्या हाती बंद नाई पडली," ती म्हणाली.

"आता मले गाडी शिकवतं काय वं?" देवानंद उखडला. शालूनं वाद घातला नाही.

अकोल्याच्या नत्थुजी मिस्त्रींना तिनं फोन लावला. पाय काढल्यावर इंजिनाला लागते तेवढीच हवा आत सोडणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, तो काजळीनं बुजला असेल, असं ते म्हणाले. त्यांना मात्र सोमवारशिवाय सवड नव्हती. सोमवारी गाडी मूर्तिजापुरात असणार! "मंग मीच काढतो. तुमी फकस्त सांगा," शालू म्हणाली.

शनिवारी दुपारी तिनं पदर खोचला, बॅटरीची तार काढली आणि सीटखालचं इंजिनावरचं झाकण उघडलं. देवानंद ओसरीवरून ओरडला, "काहून मोडून राहिली वं? धड हाय ते तरी राहू दे!"

"धड असती तं हात लावला नसता."

एक स्क्रू सुटला. दुसरा जागचा हलेना. पेचकस घसरला, बोटाची सालं निघाली, डोळ्यांत पाणी आलं. पेचकस फेकून द्यावा असं क्षणभर वाटलं. मग रविवार आठवला, आणि तिनं पेचकसाच्या डोक्यावर हातोडीनं हलकेच ठोके देत, तेल सोडत, थोडं थांबत, पुन्हा जोर लावत त्याचा पिच्छा पुरवला. स्क्रू कुरकुरला आणि फिरला.

व्हॉल्व्हचं तोंड तव्याच्या बुडासारखं काळं होतं. मिस्त्रींनी बजावलं होतं, की व्हॉल्व्हच्या तोंडातली खिळी आत ढकलायची नाही आणि त्याच्या मागच्या छोट्या मोटरीकडे ओल जाऊ द्यायची नाही. तिनं तोंड खाली धरून काजळी सोडवणारा स्प्रे मारला, जुन्या टूथब्रशनं सगळी काजळी काढली, व्हॉल्व्ह बसायची जागाही पुसली. वाळल्यावर रबरी कडी नीट बसवून स्क्रू आवळले, बॅटरीची तार पुन्हा जोडली.

किल्ली फिरवली. इंजिन उगाच गुरगुरलं, मग खाली बसलं, आता मरतं असं वाटलं. पण हळूहळू ते एका सुरात चालू राहिलं.

रविवारी पहाटे पोती भरून दोघं निघाले. फाटक नेमकं बंद होतं. शालूनं गाडी उभी केली, न्यूट्रल टाकला, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला आणि हात मांडीवर ठेवले. मालगाडी डब्यामागून डबे ओढत गेली. व्हॅन आपली शांत घुरघुरत उभी होती.

"तुमच्या पायाकडं पाहा," ती हळूच म्हणाली.

देवानंदनं मान वाकवली. पाय तिरपा, मॅटवर घट्ट रुतलेला.

"म्हंजे इतके वर्षं म्याच धरून ठेवली होती का वं?"

"तुमीच. आता सोडा. ते उभी राह्यते."

त्यानं पाय सरळ केला, सीटखाली ओढून घेतला. त्याला रडू आलं, आणि त्यानं ते लपवलं नाही. मग खिशातून फोन काढून किसनरावला लावला.

"भाऊ, येऊ नोको," तो म्हणाला. "गाडी अकोल्याले चालली."

फाटक उघडलं. शालूनं पहिला गिअर टाकला.