विसळण

मोकळ्या कॅनवरचं झाकण खण्णकन खाली पडलं आणि भट्टीच्या पत्र्याखाली गोल गोल फिरत राहिलं.

विठाबाई अंगणातनं लगबगीनं आल्या. "आलं का गं दूध?"

"मांजर हाय, आत्याबाई."

मांजरानं कॅनमध्ये तोंड घालून बघितलं, काहीच नाही म्हटल्यावर शेपटी ताठ करून ते निघून गेलं. राजेश्वरीनं झाकण उचललं, पदरानं पुसलं आणि परत जागेवर ठेवलं.

"त्येलाबी कळलं बग," विठाबाई सुनेला म्हणाल्या, "हितं आता काय मिळत न्हाय म्हणून."

भूम तालुक्यातल्या ईट गावाच्या पलीकडं, माळाच्या उताराला लागून ही वाडी. फाल्गुन लागला होता. ज्वारी काढून झालेली, काळ्या रानाला हात जाईल अशा भेगा पडलेल्या, आणि सकाळीच असा झळझळीत वारा सुटलेला की कडब्याची पात उडून थेट घरात यायची. एरवी या वेळेला भट्टीपुढं चरव्या-किटल्या घेऊन निम्मी वाडी उभी असायची. कुणाची म्हैस आटली, कुणाची सून रुसली, सगळं तिथंच कळायचं. कढईखाली बाभळीची लाकडं तडतडायची आणि खव्याचा वास पार रस्त्यापर्यंत जायचा. आज कढई गार पडून होती. राखेनं घासल्याच्या रेघा तिच्या तळाला स्वच्छ दिसत होत्या.

सकाळी ड्यूटीवर जाताना राजेश्वरीचा नवरा रणधीर बोलून गेला होता. तो एसटीवर ड्रायव्हर. घरातल्या घरातही हॉर्न वाजवल्यासारखं बोलणारा माणूस, पण आज आवाज खाली ठेवूनच बोलला.

"दूधच न्हाय म्हणल्यावर भट्टी काय पाण्यावर चालवायची, राजे? घरखर्च आन भट्टी, मला दोन्हीकडं वढ बसायलीय. सोमवारी तुजी रजा संपती. जा, हजर हो."

तो ओरडला असता तर तिला उलट बोलता आलं असतं.

हजर हो. अठरा वर्षं ती हजरच होत आली होती. तुळजापूरला नवरात्राच्या बंदोबस्ताला हजर, मोर्च्याला हजर, आणि बाई मेली की तिथं हजर. विहिरीतली, फासाची, जळालेली, कसलीही असो, बाईचं प्रेत म्हटलं की बाई पोलीस पाहिजे. अंग तिनंच उघडायचं, वळ तिनंच बघायचे, सांगायचं तिनंच आणि साहेबांनी लिहून घ्यायचं. मग गेल्या दसऱ्यानंतर एका सकाळी खाकीचं बटण लावायला तिची बोटंच वळेनात. काज दिसत होतं, बटण हातात होतं, पण लागेना. शेवटी सहा-सात वर्षांच्या अस्मितानं पलंगावर उभं राहून आईची बटणं लावून दिली. त्या दिवशी ती ठाण्यात गेली, खुर्चीवर बसली, आणि कुणी काही विचारलं की नुसतं बघत राहिली. मोठ्या साहेबांनी रजेवर पाठवलं. ती सासरी आली, सासऱ्यांची बंद पडलेली भट्टी तिनं पेटवली. चाळिशीला टेकलेली बाई सराटा हातात धरून खवा घोटायला शिकली. कढईतलं दूध हळूहळू घट्ट होत यायचं, तेवढा वेळ तिच्या डोक्यात दुसरं काही यायचं नाही. रात्री झोप लागायला लागली. परत जायचं नाही, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

आणि आता दूधच बंद.

विठाबाई पाय पसरून कढईशेजारी बसल्या. त्या भावाकडं परंड्याला गेल्या होत्या, काल सांजच्याला परत आल्या. "आता मला खरं सांग. मी न्हवते तवा धोंडीबाला काय म्हणलीस तू? आख्ख्या वाडीत कुणी माझ्याशी धड बोलंना. पाण्यावर गेले तर बायका गप."

"त्यांच्या दुधात पाणी होतं, आत्याबाई. मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

"काय बघितलंस?"

"त्यांनी चरवी रिकामी केली. मग ओंजळभर पाणी चरवीत घातलं, हलवलं आणि माझ्यासमोर आपल्या दुधात ओतलं! दूध तपासायचा काटा टाकला तर काटा खाली बसला. मी विचारलं, खरं सांगा, कधीपासून चाललंय हे?"

"आणि?"

"आवाज चढला माझा. म्हणजे मी चढवला नाही, तो आपला आपणच आला. इकडं बघ, म्हणाले मी. नजर वर कर."

"एकेरीत?"

"हो."

"आगं माय माय माय." विठाबाईंनी कपाळाला हात लावला. "ते इसळण हाय गं पोरी! चरवीला दूध चिकटून ऱ्हातं का न्हाय? ते वाया जाऊ नये म्हणून घोटभर पाण्यानं इसळायचं आन दुधातच घालायचं. लक्षुमी हाय ती, मातीत टाकायची व्हय? सगळी वाडी घालती. तुजा सासरा हुता तवा, कुणी इसळलं न्हाय तर तोच चरवी माघारी द्यायचा, म्हणायचा, इसळ की रं, म्हशीनं काय पाप केलं?"

राजेश्वरीचा जन्म पोलीस लाइनीतल्या खोल्यांत गेला. तिथं दूध पिशवीतनं यायचं.

"लपून घालणारा तुज्या म्होरं वतंल का?" विठाबाई म्हणाल्या. "एवडी चोरं धरलीस, एवडं कळंना तुला?"

"मग तो बोलला का नाही? हात जोडून म्हणाला, चुकलं साहेब, पुन्यांदा न्हाय करणार. कबूलच केलं त्यानं!"

"तुज्या म्होरं कोण कबूल करायचं न्हाय?"

विठाबाई हे बोलून गेल्या आणि त्यांचं त्यांनाच वाईट वाटलं. त्या उठल्या, सुनेच्या डोक्यावरनं हात फिरवला. "जा. त्याच्या घरी जा. आशीच साडीवर जा, पायी जा, आन पोरीला संगं ने. लेकरू संगं असलं की मानूस मऊ दिसतो."

धोंडीबा अंगणात कडब्याची गंजी रचत होता. फाटकाशी राजेश्वरी दिसली तशी त्याच्या हातातली पेंढी खाली पडली. डोक्यावरचं मुंडासं त्यानं काढलं, पायातल्या वहाणा बाजूला सारल्या आणि हात जोडून उभा राहिला. साठी ओलांडलेला, वाळलेल्या शेंगेसारखा माणूस. घरातनं कडूबाई बाहेर आली, तीही नवऱ्याच्या मागं उभी राहिली.

"तात्या, बसा की," राजेश्वरी म्हणाली.

"न्हाय साहेब, बरं हाय."

"साहेब म्हणू नका हो. मी विठाबाईंची सून."

"व्हय साहेब."

अस्मिता खुदकन हसली. राजेश्वरीनं तिचा हात दाबला. मग तीच मटकन खाली, शेणानं सारवलेल्या अंगणात बसली. तरी तो उभाच. वरनं वाकून बघत होता बिचारा, आणि बाई खाली बसल्यानं जास्तच घाबरला होता.

"तात्या, माझं चुकलं. मला विसळण माहीत नव्हतं. मी तुम्हाला वाईट बोलले."

धोंडीबानं बायकोकडं बघितलं. पोलीस गोड बोलायला लागला की पुढं काय येतं, हे त्याला पक्कं ठाऊक असावं.

"आमी पाणी घालतच न्हाय आता," तो घाईनं म्हणाला. "दूधच घालत न्हाय. डेअरीच्या गाडीला देतो. तुमाला आमची काय तकलीफ हुणार न्हाय."

"पण मला तुमचं दूध पाहिजे, तात्या!" तिचा आवाज फाटला. "तुम्ही येत नाही म्हणून कुणीच येत नाही. भट्टी बंद पडली तर मला परत जावं लागंल. मला ते होत नाही आता. बघवत नाही. मी तिथं गेले तर..." पुढचं तिला अस्मितासमोर बोलता येईना.

वारा सुटला. गंजीवरची पात अंगणभर पसरली. कडूबाई एवढा वेळ तिच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. ती पुढं आली आणि समोर बसली.

"बाई, तुमी आमाला वळखलं न्हाई व्हय? इतके दिस बोलायचा धीर हुत न्हवता."

राजेश्वरीनं मान वर केली.

"ऱ्हाऊ दे गं," धोंडीबा म्हणाला.

"का ऱ्हाऊ दे? चांगलंच बोलायलेय की मी." ती राजेश्वरीकडं वळली. "आमची शोभा. भूमच्या दवाखान्यात, मागल्या दारी. इहिरीतनं काढलेली. थंडीचे दिस हुते. अंगावर धड कापड नव्हतं लेकराच्या आन समदे गडी येऊन बघायले. तुमी सगळ्यांवर वरडला, हटवलं सगळ्यांला. आपल्या पिशवीतली शाल काढली आन तिला गळ्यापस्तोर झाकलंत. मी म्हणलं, बाई, शाल माघारी कशी देऊ, तर म्हणलात, ऱ्हाऊ द्या तिला, गारठलीय. गारठलीय म्हणलात, बाई. जित्या मानसाला म्हणावं तसं. ती शाल तिच्यासंगंच गेली."

राजेश्वरी आठवायला लागली. शाल आठवली. दर हिवाळ्याला ती नवी शाल घ्यायची आणि रणधीर म्हणायचा, शाली खातीस का काय गं? एक हिरवी होती, एक तपकिरी, एक चौकड्याची. कुठली कुणावर गेली? तोंडं एकमेकांत मिसळून गेली होती. हिची शोभा गोरी होती का सावळी, कुंकू होतं का पुसलं होतं, काही म्हणजे काही समोर येईना. समोर कडूबाई तेवढ्यासाठीच थांबली होती. आपल्या लेकीला शेवटचं बघितलेलं हे एक परकं माणूस, त्याला ती आठवते का, एवढंच तिला पाहिजे होतं.

"आठवतंय," राजेश्वरी म्हणाली. "शोभा. आठवतंय की."

कडूबाईच्या डोळ्यांतनं पाणी वाहायला लागलं. तिनं ते पुसलं नाही. "केस लांब हुते तिचे," ती म्हणाली.

"लांब होते."

"कमरंच्या खाली."

"हो, काकू."

धोंडीबा आता खाली बसला. आधी उकिडवा, मग हळूहळू मांडी घालून. मुंडासं त्यानं परत डोक्याला गुंडाळलं.

"त्या दिशी भट्टीवर तुमी वरडला न्हवं," तो म्हणाला, "तवा मला वाटलं, परत त्याच दारात उभा हाय. न्हाय तर इसळण हाय म्हणून सांगितलं नसतं व्हय म्या?" त्यानं घसा खाकरला. "सासरची म्हणली, पाणी वढताना पाय घसरला. आमी आडाणी मानसं. कागूद म्होरं केला, अंगठा दिला. तुमी झाकलंत तेवडंच काय ते आमच्या बाजूनं झालं, बाई."

तिला साहेबावरनं त्यानं बाईवर आणलं, हे तिच्या ध्यानात आलं आणि ते तिला सोसेना.

"सांच्याला येतो दूध घिऊन," धोंडीबा उठत म्हणाला. "दगडूलाबी आणतो, त्याच्या दोन म्हशी हायेत. एकदा आमी आलो की बाकीचे येतात. आन चरवी इसळूनच घालणार बरं का, आधीच सांगतो."

"दोनदा विसळा, तात्या."

कडूबाई रडता रडता हसली. आत जाऊन तिनं वाटीत साय-साखर आणली आणि अस्मितापुढं ठेवली. "खा गं बाई. तुझी आई लई मोठ्या मनाची हाय."

अस्मितानं वाटीला हात लावला नाही. ती मघापासून गंजीला टेकून एकेकाच्या तोंडाकडं बघत होती. बोलणं चालू असताना मध्ये बोलायचं नाही, हे लाइनीतल्या पोरांना शिकवावं लागत नाही. बोलणं संपलं तसं तिनं आईचा पदर ओढला.

"आई, तू बघितलंस ना तिला? मग तिचा पाय खरंच घसरला होता का?"

कडूबाईचा पदर डोळ्यांपाशीच थांबला. धोंडीबानं हळूच मान वर केली. दोघंही राजेश्वरीकडं बघत होते.

"सांग ना, आई. खरंच घसरला होता?"