तोमेनवरची काळी माती

“शनिवारपर्यंत सगळे गेले पाहिजेत, गोरोन्वीकाका. माथ्यावरचेसुद्धा,” फाटकावर रेलून हेवीन म्हणाला.

टेकडीवर मेंढ्या चारणाऱ्या हेवीनची तक्रार खोटी नव्हती. जमिनीखालचे आंधळे उंदीर बोगदे खणताना मातीचे ढीग वर ढकलतात, ती माती मेंढ्यांच्या हिवाळी चाऱ्यात जाते आणि मेंढ्या गाभडतात. गेल्या साली त्याच्या अकरा गाभडल्या. हे उंदीर सापळ्यात धरणं हा गोरोन्वीचा पन्नास वर्षांचा धंदा, आणि घेतलेलं काम त्यानं कधी अर्धवट टाकलं नव्हतं. आज मात्र त्यानं आधी एक दिवस मागून घेतला. कशाला, ते सांगितलं नाही.

कारण घरी खुर्चीत बसलं होतं. नेस्ता, त्याची बायको, तीस वर्षं शाळेची स्वयंपाकीण. टेकडीवरचा मातीचा गड, आमची तोमेन, आठशे वर्षांपूर्वी नुसती टेहळणीची चौकी होती, तिथे कुणी राहिलं नाही, असं खालच्या पाटीवर लिहिलंय. नेस्ताला ते कधीच पटलं नाही. चार शिपाई उभे केले की पाचवं माणूस चुलीपाशी लागतंच, असं तिचं म्हणणं. गडावर कुदळ मारायला सरकारची बंदी. उंदरांना कोण बंदी घालणार? म्हणून दर वसंतात ती पिठाची चाळणी घेऊन वर जायची आणि उंदरांनी उकरलेली माती चाळायची. मेंढीच्या दातांपलीकडे काही मिळालं नाही. गाव हसलं, मीही हसलो. हसतील त्यांचे दात दिसतील, म्हणायची. यंदा मात्र तिच्या फुफ्फुसांनी फाटकापाशीच हात टेकले.

बुधवारी गोरोन्वी चाळणी घेऊन एकटा निघाला. खंदक उतरला, बांध चढला, आणि शेवटची उभी चढण दुखऱ्या खुब्यामुळे चक्क रांगत चढला. वाटेतला एकही ढीग सोडला नाही. बासष्ट ढीग, नुसती तांबूस चिकणमाती. शहाणा माणूस परतला असता. माथ्यावर एकच ढीग होता, आणि तो काळा होता.

ती माती त्यानं रुमालात बांधून आणली. नेस्तानं चिमूट बोटांत चोळली, हुंगली, मग त्यातलं नखाएवढं हाड उजेडात धरलं.

“राख आहे. आणि हे बघ, सुरीनं तोडलंय. रस्सा केला होता कुणीतरी.”

“म्हणजे तुझंच खरं.”

“नाव कळायचं नाही त्या रांधणारीचं,” नेस्ता म्हणाली. “पण होती.” मग ती रडली, आणि डोळे पुसायची घाई केली नाही.

शनिवारी गोरोन्वी सापळ्यांची पिशवी घेऊन हेवीनकडे गेला. एकोणीस धरले होते.

“माथ्यावरचा राहिलाय,” तो म्हणाला.

“मग उद्या धरा की.”

“माझ्या हातून नाही व्हायचं ते.”

तो उंदीर खाली उतरेल, त्याची पिल्लं उतरतील, असं हेवीननं समजावून पाहिलं.

“खरंय तुझं. दुसरा माणूस बघ. सापळे चांगले आहेत, त्याला दे.”

पिशवी त्यानं फाटकाच्या आत ठेवली आणि घरची वाट धरली. उतारावर रिकामे हात कुठे ठेवावेत, ते त्याला कळेना.